आधी अंदाज लिहून घ्या, मग हात मातीत घाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नववी-दहावीला इतिहास-भूगोल, वर्गात पंचेचाळीस मुलं, तासिका पस्तीस मिनिटांची. गेल्या वर्षी ‘कृतीतून शिक्षण’ म्हणून ज्वालामुखी, पिरॅमिड, धरण अशा प्रतिकृती करून घेतल्या. मुलं रमली, प्रदर्शन देखणं झालं. पण चाचणीत ‘ज्वालामुखीचा उद्रेक का होतो’ या प्रश्नाला बऱ्याच जणांनी सोडा आणि व्हिनेगर एकत्र आल्यामुळे, अशा धाटणीची उत्तरं लिहिली. मग हा सगळा वेळ वाया गेला का? आणि कपाटावर साठलेल्या अकरा थर्मोकोलच्या ज्वालामुखींचं करायचं काय?

कृतीतून शिकवायचं ठरवलंत यात काही चुकलं नाही. चुकली ती कृतीची निवड. माझीही पहिली पाच-सहा वर्षं अशाच प्रतिकृतींत गेली, त्यामुळे हे अधिकारवाणीने सांगू शकते. आता कुठलीही कृती वर्गात नेण्याआधी मी एकच गोष्ट तपासते. मुलं ज्या वस्तूशी झटापट करणार आहेत, ती वस्तू त्यांना ‘चुकलास’ म्हणू शकते का? थर्मोकोल म्हणत नाही. हवं तसं कापा, हवा तो रंग फासा, ते निमूट सोसतं. सावली ऐकत नाही. पाणी ऐकत नाही. एकाच घटनेचे दोन जबाब एकमेकांशी जुळत नाहीत म्हणजे नाहीत, मुलांनी कितीही चिकटपट्टी लावली तरी.

सोडा-व्हिनेगरचंच बघा. मुलांनी जे पाहिलं तेच लिहिलं, त्यांचा दोष नाही. त्या प्रयोगात दोन पदार्थ भेटल्यावर वायू नव्याने तयार होतो. शिलारसात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आधीपासूनच दाबाखाली विरघळलेले असतात. शिलारस वर येतो तसा दाब घटतो आणि वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटा होतो. हे दाखवायला सोड्याची बंद बाटली पुरते. झाकण घट्ट असताना बुडबुडे दिसतात का, झाकण अर्धा आटा सैल केलं तर काय होईल, बाटली हलवून मग उघडली तर काय, हे आधी वहीत लिहून घ्या आणि मगच झाकण फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे, रंगकाम शून्य.

आता भूगोलातली माझी सगळ्यात लाडकी कृती. ती जरा सविस्तर सांगते, कारण ती नीट झाली की वर्षभर मुलं मोजमापाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

एक मीटर लांबीची सरळ काठी मैदानात उभी करायची. जुन्या ज्योतिषग्रंथांत हिलाच शंकू म्हणतात. काठी उभी आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, ओळंबा लावायचा. सकाळी साधारण दहा वाजता सावलीच्या टोकावर खूण करायची आणि तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काठीभोवती काढायचं. दुपारी सावली पुन्हा त्या वर्तुळाला टेकते तेव्हा दुसरी खूण. दोन्ही खुणांपासून काठीच्या बुंध्यापर्यंत रेषा काढून मधला कोन दुभागला की दक्षिणोत्तर रेषा मिळते, आणि दोन वेळांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे स्थानिक मध्यान्ह. सगळ्यात आखूड सावली शोधत बसू नका, मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की मुलं भांडत बसतात. ती ‘मधली वेळ’ घड्याळातल्या बाराशी जुळत नाही. का? एक अंश रेखांशाला चार मिनिटं, हे मुलांनी पाठ केलेलं असतं, पण ते स्वतःच्या काठीला लावायचं असतं हे तेव्हा कळतं. ते गणित केलं तरी काही मिनिटं उरतातच. सूर्य वर्षभर घड्याळाच्या तालावर चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे १६ मिनिटं पुढे असतो, तर फेब्रुवारीच्या मध्यात सुमारे १४ मिनिटं मागे.

हेच २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास केलं तर मध्यान्हीच्या सावलीवरून थेट अक्षांश निघतो. एक मीटर काठीची सावली ५८ सेंटीमीटर भरली, तर सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून ३० अंश कललेला, म्हणजे तुमचा अक्षांश ३०. इथे मी मुलांना एक प्रश्न हमखास टाकते: सावली मोजताना एक सेंटीमीटर चुकलात, तर नकाशावर किती चुकलात? हिशेब करतात आणि गप्प होतात. सुमारे ४८ किलोमीटर! आणि एक सेंटीमीटर चुकणं तर अगदी सोपं आहे. सूर्य म्हणजे काही ठिपका नव्हे, तो आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावलीचं टोक कायम पुसट असतं. उपाय असा, की काठीच्या टोकाला छोटं भोक पाडलेला पुठ्ठा लावायचा. सावलीत सेंटीमीटरभर रुंदीचा उजेडाचा गोल पडतो, त्याच्या मध्यावर खूण करणं फार सोपं जातं. मात्र लांबी मोजायची ती काठीच्या नव्हे, भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून, आणि उंचीही भोकाचीच धरायची.

एका वर्षी नऊ गटांपैकी आठ गटांचं उत्तर नकाशासंग्रहातल्या आकड्याशी तंतोतंत जुळलं. नववा गट दीड अंशाने बाहेर. आठ गटांना शाबासकी देऊन मी मोकळी झाले असते, पण दीड अंशवाल्या गटातली मुलगी काठीपाशी परत गेली, तिने ओळंबा धरला आणि काठी थोडी उत्तरेला झुकलेली सापडली. झुकाव मोजून तिने उत्तर सुधारलं. तरीही ते पाव अंशाने चुकलेलंच राहिलं, जसं राहायला हवं होतं. आठ गटांपैकी बहुतेकांनी आकडा आधी पाहून सावली उलटी काढलेली होती. त्या दिवसापासून माझ्या वर्गात गुण अचूक उत्तराला नाहीत. अंदाज, मोजमाप आणि दोन्हींतल्या फरकाचं कारण, याला गुण.

पुढची पायरी एरॅटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाची. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात त्याने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून ७.२ अंश, म्हणजे वर्तुळाच्या पन्नासाव्या हिश्शाइतका कललेला धरला, त्याच वेळी दक्षिणेला सायनी इथे तो थेट डोक्यावर होता, आणि त्यावरून पृथ्वीचा परीघ काढला. तुमच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला, साधारण त्याच रेखावृत्तावरची एखादी शाळा गाठा आणि दोघांनी एकाच दिवशी मध्यान्हीची सावली मोजा. अंतर निदान ५०० किलोमीटर हवं. तेवढ्यात सूर्याचा कोन साडेचार अंशांनी बदलतो, त्यामुळे अर्ध्या अंशाची चूक झाली तरी परीघ दहा-बारा टक्क्यांनीच चुकतो. शेजारच्या गावाशी करायला जाल तर पृथ्वी कुठल्याही मापाची निघेल.

समोच्च रेषांसाठी, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांसाठी, मातीची टेकडी आणि पारदर्शक टब. एक सेंटीमीटर पाणी ओतायचं, पाण्याच्या कडेने सुईने रेघ ओढायची, पुन्हा एक सेंटीमीटर. मग टबावर पारदर्शक पत्रा ठेवून वरून रेघा उतरवायच्या. इथवर सगळेच करतात. पण कृतीत खरा जीव येतो तो उलट्या दिशेने गेल्यावर. गटाला नुसता समोच्च रेषांचा नकाशा द्या, त्यावर अ आणि ब असे दोन बिंदू, आणि विचारा: अ वर उभा राहिलेल्या माणसाला ब दिसेल का? उत्तर लिहून, सही करून माझ्याकडे. मग पुठ्ठ्याचे थर कापून, रचून टेकडी उभी करायची आणि अ ते ब दोरा ताणायचा. दोरा मधल्या पुठ्ठ्याला घासला की सही केलेला कागद बाहेर काढायचा. दोऱ्याशी हुज्जत घालता येत नाही. नकाशाचं प्रमाण १:५०,००० असेल तर ५०० मीटरची टेकडी फक्त एक सेंटीमीटर उंच व्हायला हवी, हेही इथेच ध्यानात येतं. मुलं ती हमखास दहा सेंटीमीटर करतात. (३० सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर एव्हरेस्ट किती उंच येईल, हेही विचारून ठेवा. उत्तर ०.२ मिलिमीटर, दोन-तीन कागदांच्या जाडीइतकं.)

खंडांचे तुकडे कापून जुळवणं ही जुनीच कृती, तिच्यात एकच बदल करा. अर्ध्या वर्गाला किनारपट्टीने कापलेले तुकडे द्या, उरलेल्यांना समुद्रात बुडालेल्या खंडमंचाच्या कडेने कापलेले. दुसरे जास्त चांगले जुळतात. का, हा प्रश्न मुलंच विचारतात.

इतिहासात वस्तूने ‘नाही’ म्हणणं जरा कठीण, आणि म्हणूनच तिथे बहुतेक कृती नाटुकली आणि तक्त्यांवर येऊन थांबतात. माझा अनुभव असा की इतिहास आणि भूगोल जिथे एकत्र येतात तिथून सुरुवात करावी. लंडनच्या सोहो भागातली १८५४ ची कॉलऱ्याची साथ मी दरवर्षी घेते.

गटांना गल्ल्यांचा साधा नकाशा देते, त्यावर मृत्यूंचे ठिपके. पाण्याचे पंप दाखवत नाही आणि जंतू हा शब्द उच्चारत नाही, कारण त्या काळच्या बहुतेकांच्या डोक्यातही तो नव्हता. दुर्गंधीयुक्त हवेमुळे रोग होतो असा सर्वसाधारण समज होता. मुलंही गर्दी, घाण, हवा अशीच कारणं लिहितात. मग पंपांच्या खुणा देते. ठिपके ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसतात आणि वर्ग एकदम निश्चिंत होतो. तेव्हा एकेक चिठ्ठी वाटायची. जवळच्या अनाथ-गरीबगृहात ५३५ माणसं, मृत्यू फक्त पाच. त्याच रस्त्यावरच्या बीअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार, एकही दगावला नाही. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्ध बाई, जिच्या आसपास साथच नव्हती, ती मात्र गेली.

एका गटाने इथे सरळ लिहून टाकलं, पंपाचा संशय खोटा. मला ते उत्तर फार आवडलं. हातात तेवढाच पुरावा असताना तो निष्कर्ष वाईट नाही. मग दुसऱ्या चिठ्ठ्या: गरीबगृहात स्वतःची विहीर होती. कारखान्यातही विहीर होती, शिवाय कामगारांना बीअर मिळायची आणि ते पाणी पीतच नसावेत असं मालकाचं म्हणणं होतं. आणि हॅम्पस्टेडच्या बाईला ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडायचं, म्हणून ते रोज गाडीने तिच्याकडे जायचं. अपवाद वाटत होते तेच सगळ्यात भक्कम पुरावे निघतात. अंतर मोजताना पट्टी वापरू देऊ नका, दोरा गल्ल्यांतून फिरवून चालण्याचं अंतर मोजायला लावा. पाणी आणायला माणूस भिंतीतून जात नाही. या साथीचा माग काढणारे डॉ. जॉन स्नो यांनीही पुढे पंपांमधली समान अंतराची रेषा अशाच, रस्त्याने जाण्याच्या हिशेबाने आखली होती.

शेवटची चिठ्ठी तारखांची. प्राणघातक ठरलेल्या लागणी १ सप्टेंबरला १४३, ८ सप्टेंबरला १२. पंपाचा दांडा काढला तो ८ तारखेला. मुलांना आलेख काढू द्या. ‘स्नोने नकाशा काढला, दांडा काढला आणि साथ थांबली’ ही गोष्ट त्यांनी कुठेतरी वाचलेली असते. आलेख सांगतो की साथ आधीच ओसरत आली होती. नकाशाही साथीनंतर प्रसिद्ध झाला, आणि पाण्यातून कॉलरा पसरतो हे मत तर स्नो यांनी १८४९ मध्येच मांडलं होतं. दोन तासिका लागतात. पण ‘ऐतिहासिक साधनांची चिकित्सा’ या धड्यावर नंतर मला फारसं बोलावं लागत नाही.

उत्खननाची पेटी तुम्ही ऐकलीच असेल. वाळू, माती, राख, विटांचा चुरा असे थर देऊन त्यांत वस्तू पुरायच्या आणि मुलांनी वरून एकेक थर काढत नोंद करायची. यातही माझी एक खोडी असते. पेटी भरताना दुसऱ्या थरातून चौथ्या थरापर्यंत एक खड्डा खणायचा, त्यात प्लॅस्टिकचं बटण टाकायचं आणि वरच्याच मातीने तो बुजवायचा. थरातली सगळ्यात अलीकडची वस्तू ज्या काळची, त्याआधी तो थर साचलेला असू शकत नाही, हा नियम मुलांना माहीत असतो. सरळ खाली उकरत गेलेल्या गटाला चौथ्या थरात बटण सापडतं आणि ते अख्खा थर आधुनिक ठरवून मोकळे होतात. जो गट ब्रशने पृष्ठभाग सपाट करत उतरतो, त्याला तिसऱ्या थराच्या माथ्यावर वेगळ्या रंगाचा गोल डाग दिसतो. तो डाग म्हणजेच खड्डा. पहिल्या गटाला तो परत बघायचा असतो, पण आता बघणार कसा? उकरलेलं पुन्हा उकरता येत नाही. तेव्हाच त्यांना वहीतल्या नोंदीची किंमत कळते. माझ्या व्याख्यानांतून ती कधी कळली नव्हती. एका पेटीला चारच मुलं: एक खणणारा, एक चाळणारा, एक मोजणारा, एक चित्र काढणारा. जागेची नोंद होईपर्यंत वस्तू उचलायची नाही.

पेटी भरायला वेळ नसेल तर वर्गातली केराची टोपली घ्या (घरची नको, ती खासगी बाब आहे). १९७३ मध्ये विल्यम राथ्ये या पुरातत्त्वज्ञाने अमेरिकेतल्या टूसॉन शहरात घरोघरच्या कचऱ्याचा अभ्यास सुरू केला, तेव्हा लोक जेवढी दारू पितो म्हणून सांगत त्यापेक्षा जास्त बाटल्या कचऱ्यात निघत. वर्गातही गंमत येते. या आठवड्यात किती कागद फाडले ते आधी प्रत्येकाने लिहायचं, मग टोपली मोजायची. मौखिक साधन आणि भौतिक साधन समोरासमोर!

दोन ठिकाणी मात्र सांभाळून. पहिलं, ‘करून पाहिलं’ म्हणजे ‘तसंच घडलं होतं’ असं नाही. नॉर्वेचे संशोधक थॉर हेयरडाल १९४७ मध्ये कॉन-टिकी नावाच्या बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरूहून निघून १०१ दिवसांत पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांवर पोहोचले. असा प्रवास शक्य आहे एवढंच त्याने सिद्ध झालं. ती बेटं मुळात वसवणारे लोक पश्चिमेकडून, आशियाच्या बाजूने आले होते, हे भाषा आणि जनुकांचे पुरावे सांगतात. मुलांनी दगडाने धान्य दळून पाहिलं, लेखणीने ओल्या मातीवर खुणा उमटवल्या, तर त्यातून श्रम आणि वेळ यांचा अंदाज येतो, तो मोलाचाच. पण ‘म्हणजे ते लोक असंच करत’ हे वाक्य वहीत दिसलं की मी त्याच्याखाली लाल रेघ ओढते.

दुसरं, अभिनय. तह, परिषद, वाटाघाटी जरूर करा. प्रत्येक गटाला आपल्या देशाच्या मागण्या आणि मर्यादा माहीत असल्या की १९१९ च्या पॅरिस परिषदेत सगळ्यांचं समाधान का अशक्य होतं, हे अर्ध्या तासात उमगतं. पण गुलामगिरी, छळछावण्या, वंशसंहार यांचा अभिनय करू नका. कोणीतरी जुलमी आणि कोणीतरी बळी होतं, आणि तासिका संपली तरी ते संपत नाही. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे रॉन जोन्स या इतिहासशिक्षकाने सामान्य जर्मन माणूस नाझींच्या मागे कसा गेला हे दाखवायला वर्गात शिस्तीची एक चळवळच उभी केली. आठवड्याच्या आत ती त्यालाच आवरावी लागली. अशा विषयांना पत्रं, जबाब, छायाचित्रं आणि शांत वर्ग पुरेसा असतो.

आता तुमचं पस्तीस मिनिटांचं दुखणं. सगळी कृती एका तासिकेत बसवायला जाऊ नका. पहिल्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांत प्रश्न आणि लेखी अंदाज, पेनाने, पेन्सिलने नाही. मोजमाप सुटीत किंवा शाळा भरण्याआधी. तिसऱ्या दिवशी पूर्ण तासिका वादाला. वर्षाला अशा चार मोठ्या कृती झाल्या तरी खूप, बाकी सोड्याच्या बाटलीसारख्या पाच-पाच मिनिटांच्या. आणि करार, राज्यघटना, कारण-परिणाम यांतलं बरंचसं सरळ फळ्यावर शिकवा, त्यात कमीपणा नाही. पंचेचाळीस मुलं ही अडचण जितकी, तितकीच सोयही. नऊ गटांची नऊ मोजमापं फळ्यावर आली की आकड्यांचा पसारा दिसतो, पाच मुलांच्या वर्गाला तो दिसलाच नसता.

राहिले अकरा ज्वालामुखी. समोच्च रेषा काढायला म्हणून ते टबात बुडवू नका, थर्मोकोल तरंगतं! शेजारी उभी पट्टी धरून दर दोन सेंटीमीटर उंचीवर आडव्या पेनाने गोल रेघ मारून घ्या. मग कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून प्रत्येकाचा उतार मोजायला लावा. साठ-पासष्ट अंश भरतील, पैज लावते. त्यानंतर जपानच्या फुजी ज्वालामुखीचं बाजूने घेतलेलं छायाचित्र द्या, त्याचा उतार शिखराजवळ साधारण ३० ते ३५ अंश. मग हवाईच्या मौना लोआचं द्या, तिथे जेमतेम काही अंश. पातळ लाव्हा लांबवर वाहत जातो, चिकट लाव्हा आणि राख तोंडाजवळच साचते, हे सांगण्याआधी दोन मिनिटं थांबा. ज्यांनी गेल्या वर्षी ते ज्वालामुखी रंगवले होते, त्यांनाच बोलू द्या.